मागाहूनची दया आणि आधीचे वचन

2013 सालच्या ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात अमेरिकेतील साउथ डाकोटा राज्याच्या पश्चिम भागावर एक अकाली हिमवादळ कोसळले. ऋतू अद्याप शरदाचा होता. गुरे उन्हाळी कुरणांतच चरत होती आणि हिवाळ्यात त्यांचे रक्षण करणारी दाट लव त्यांच्या अंगावर अजून आलेली नव्हती. आधी पावसाने ती चिंब भिजली, मग वारा सुटला आणि त्यामागोमाग बर्फ पडू लागले. वाऱ्याकडे पाठ करून कळपच्या कळप चालत राहिले आणि ओढ्यांत, घळींत, कुंपणांच्या कडेला गारठून मेले. बर्फ वितळले तेव्हा हजारो जनावरांची कलेवरे माळावर विखुरलेली दिसली. पशुपालकांनी वर्षानुवर्षे निवड करून जोपासलेली खिल्लारे दोन-तीन दिवसांत नाहीशी झाली होती.

परंतु या संकटाला आणखी एक बाजू होती, आणि अर्थशास्त्राच्या दृष्टीने तीच अधिक बोलकी आहे. हवामानामुळे जनावर मेल्यास त्याच्या बाजारभावाच्या 75 टक्के रक्कम सरकारने द्यावी, अशी योजना 2008 च्या शेती कायद्याने आणली होती. तिची मुदत 30 सप्टेंबर 2011 रोजी संपली होती आणि नव्या कायद्यावर अमेरिकन काँग्रेसमध्ये, म्हणजे तेथील संसदेत, दोन वर्षे उलटली तरी एकमत होत नव्हते. त्यातच खर्चाच्या मंजुरीवरून उद्भवलेल्या वादामुळे 1 ऑक्टोबर 2013 पासून केंद्र सरकारचे बरेचसे कामकाज बंद पडले होते. कृषिखात्याच्या ज्या स्थानिक कचेरीत पशुपालकाने नुकसानीची वर्दी द्यावयाची, तिच्या दाराला कुलूप होते. मेलेल्या गुरांची छायाचित्रे काढा, त्रयस्थाचा दाखला घ्या, नोंदी जपून ठेवा, एवढाच सल्ला त्यांना मिळत होता. पुढे 7 फेब्रुवारी 2014 रोजी नव्या शेती कायद्यावर अध्यक्षांची स्वाक्षरी झाली, योजना कायमस्वरूपी झाली आणि ती ऑक्टोबर 2011 पासून पूर्वलक्षी प्रभावाने लागू करण्यात आली. मदत अखेर मिळाली.

तेव्हा पैसा नव्हता असे नाही, आणि सहानुभूतीही कमी नव्हती. त्या चार महिन्यांत पशुपालकाजवळ नव्हते ते एक खात्रीचे वचन. उरलेली गुरे विकावीत की ठेवावीत, बँकेचा हप्ता कसा भरावा, नव्या गाईंसाठी कर्ज काढावे की धंदाच मोडावा, हे निर्णय त्याला अंधारात घ्यावे लागले. सरकारी आपत्ती-मदतीचे मोजमाप सामान्यतः ती किती मिळाली यावरून केले जाते. ती मिळेल हे केव्हा ठाऊक झाले, हा प्रश्न त्याहून कमी महत्त्वाचा नाही. किंबहुना अमेरिकेतील शेतकऱ्यांना आणि पशुपालकांना मिळणाऱ्या मदतीचा गेल्या नव्वद वर्षांचा इतिहास म्हणजे आधी दिलेले वचन आणि मागाहून दाखविलेली दया या दोहोंमधील रस्सीखेचीचा इतिहास होय.

विमा आणि दान

एकोणीसशे तिसाच्या दशकात मंदी, अवर्षण आणि धुळीची वादळे यांनी अमेरिकेच्या मध्यभागातील गवताळ प्रदेश उद्ध्वस्त केला. त्या अनुभवातून 1938 मध्ये रूझवेल्ट सरकारने पीकविम्यासाठी एक सरकारी महामंडळ स्थापन केले. कल्पना साधी होती: चांगल्या वर्षी शेतकऱ्याने थोडे बाजूला ठेवावे, वाईट वर्षी ते त्याला परत मिळावे आणि सरकारने या व्यवहाराची हमी घ्यावी. आरंभी केवळ गव्हापुरता असलेला हा विमा पुढील चाळीस वर्षे लहानच राहिला. पिके मोजकी, जिल्हे मोजके आणि विमा घेणारेही मोजकेच.

1973 च्या शेती कायद्याने नेमकी उलट दिशा धरली. गहू, चाऱ्याची धान्ये आणि कापूस यांच्या उत्पादकांना नैसर्गिक आपत्तीत थेट रोख भरपाई मिळू लागली आणि तीसाठी कोणताही हप्ता भरावा लागत नव्हता. फुकटचे छत्र मिळू लागल्यावर विकतची छत्री कोण घेणार? शिवाय या योजनेचा ओघ स्वाभाविकपणेच जेथे पीक वारंवार बुडते अशा कोरड्या, बेभरवशाच्या जमिनींकडे वळला. जी जमीन कुरण म्हणूनच राहणे शहाणपणाचे होते ती नांगराखाली ठेवण्यास सरकारी तिजोरीतून उत्तेजन मिळत आहे, अशी टीका होऊ लागली आणि 1981 नंतर ही योजना गुंडाळण्यात आली.

तिची जागा विम्याने घ्यावी म्हणून 1980 मध्ये नवा कायदा झाला. हप्त्यात सरकारने सवलत दिली, खासगी कंपन्यांना विमा विकण्यास मुभा मिळाली आणि आता तदर्थ मदतीची गरज उरणार नाही, असे गृहीत धरण्यात आले. 1988 च्या भीषण अवर्षणाने या गृहीताची परीक्षा घेतली. विमा उतरविण्याजोग्या क्षेत्रापैकी सुमारे एक चतुर्थांश क्षेत्रच तेव्हा विम्याखाली होते. उरलेल्या तीन चतुर्थांशांचे काय करावयाचे? विमा उपलब्ध असूनही त्यांनी तो घेतला नव्हता. तर्काचे उत्तर उघड होते. पण 1988 हे निवडणुकीचे वर्ष होते आणि दूरदर्शनच्या पडद्यावर करपलेला मका रोज दिसत होता. ऑगस्टमध्ये काँग्रेसने आपत्ती-साहाय्य कायदा संमत केला आणि अब्जावधी डॉलर वाटले. ज्यांनी पदरचे पैसे भरून विमा घेतला होता, त्यांनी यातून काय धडा घेतला असेल ते सांगावयास नको.

परोपकाऱ्याची अडचण

अर्थशास्त्रज्ञ जेम्स बुकॅनन यांनी 1975 मध्ये लिहिलेल्या एका निबंधात ही गाठ नेमकी उकलून दाखविली होती. बायबलातील परोपकारी समॅरिटनाचे नाव त्यांनी या पेचाला दिले. समोर कोणी विव्हळत पडले असता मदत करणे हेच परोपकाऱ्याला बरे वाटते. पण तो मदत करणारच हे ज्याला आधी ठाऊक आहे, तो स्वतःची काळजी घेण्यात हयगय करतो. हे टाळावयाचे तर परोपकाऱ्याने निदान एकदा मन घट्ट करून पाठ फिरवली पाहिजे, आणि नेमके तेच त्याला जमत नाही. व्यक्तीला जे जमत नाही ते मतांवर निवडून येणाऱ्या सरकारला जमेल अशी अपेक्षा करणे व्यर्थ आहे. ‘यापुढे मदत मिळणार नाही’ ही सरकारची घोषणा कोणी खरी मानीत नाही, कारण ती खरी नसते.

अमेरिकेने या पेचावर काढलेला तोडगा खर्चिक होता. 1994 च्या सुधारणा कायद्याने किमान विम्याचे संरक्षण जवळजवळ मोफत केले आणि इतर सरकारी लाभ हवे असतील तर ते घेणे सक्तीचे केले. शेतकऱ्यांत नाराजी पसरताच 1996 मध्ये सक्ती मागे घेण्यात आली. मग 2000 साली हप्त्यावरील सवलत भरघोस वाढविण्यात आली. आज विम्याच्या हप्त्यापैकी सरासरीने साठ टक्क्यांहून अधिक भाग सरकार भरते, कंपन्यांचा व्यवस्थापन खर्चही सरकारच देते आणि मका, सोयाबीन, गहू, कापूस या प्रमुख पिकांचे बहुतेक क्षेत्र विम्याखाली आलेले आहे. 1938 चे स्वप्न साकार झाले असे म्हणावयास हरकत नव्हती.

तथापि तदर्थ मदत थांबली नाही. 2017 ची चक्रीवादळे आणि वणवे यांच्या निमित्ताने 2018 च्या आरंभी काँग्रेसने सुमारे 236 कोटी डॉलर मंजूर केले. 2020 आणि 2021 च्या नुकसानीसाठी सप्टेंबर 2021 मध्ये 1,000 कोटी डॉलर आले. 2023 आणि 2024 च्या आपत्तींसाठी डिसेंबर 2024 मध्ये सुमारे 2,100 कोटी डॉलर मंजूर झाले. ज्यांना विम्याची भरपाई मिळाली होती त्यांनाही या रकमांतून वरची भर मिळाली. पूर्वी मदत विमा नसलेल्यासाठी होती. आता ती विमा असलेल्यासाठीही आहे. एका हाताने विम्याचा हप्ता आणि दुसऱ्या हाताने विम्याने न भरलेली खोट, असे दोन्ही हात सरकारचेच झाले आहेत.

या मागाहूनच्या दयेत समानता नसते, हे तर त्याहून शोचनीय. 2022 च्या पीकनुकसानीसाठी मंजूर झालेली रक्कम गरजेच्या मानाने फारच तोकडी होती. म्हणून कृषिखात्याने उतरती भाजणी लावली: हिशेबाने निघालेल्या भरपाईपैकी पहिले 2,000 डॉलर पूर्ण, पुढील टप्प्यांना कमी कमी आणि 10,000 डॉलरांपुढील भागाच्या केवळ 10 टक्के. आलेल्या बेरजेलाही पुन्हा कात्री लावण्यात आली. 2021 मध्ये ज्याचे पीक गेले आणि 2022 मध्ये ज्याचे गेले, त्या दोघांचे नुकसान सारखेच असेल. तरीही त्यांच्या हाती पडलेल्या रकमा फार वेगळ्या होत्या. फरक शेताचा नव्हता. त्या त्या वर्षी संसदेत जुळलेल्या संख्याबळाचा होता. आणि 2023 च्या नुकसानीची रक्कम शेतकऱ्याच्या हाती पडू लागली ती 2025 मध्ये. दोन पेरण्या मध्ये होऊन गेल्यावर आलेल्या पैशाला आपत्ती-निवारण म्हणावे की जुन्या देण्याची फेड, हा प्रश्नच आहे.

गवताचा हिशेब आणि नकाशा

पशुपालकाची अडचण शेतकऱ्याहून निराळी आहे. मक्याचे पीक कापले जाते, वजन केले जाते, विकले जाते. ते किती बुडाले हे सांगता येते. गवत कोणी तोलत नाही. ते गाईच्या पोटात जाते आणि त्याचा हिशेब पुढील वर्षीच्या वासरांत निघतो. शिवाय अवर्षण हे वादळासारखे एका रात्रीत येत नाही. कुरण हळूहळू पिवळे पडते, विहिरी तळ गाठतात, वैरण महाग होते आणि एक दिवस कळपाचा गाभाच बाजारात न्यावा लागतो. त्या वेळी शेजारीपाजारी सगळेच विकावयास निघालेले असल्याने भाव पडलेला असतो. पुढे पाऊस आल्यावर गाई विकत घ्यावयास निघाले, तर भाव चढलेला असतो.

या अडचणीवर 2008 मध्ये सुरू झालेल्या आणि 2014 मध्ये कायम झालेल्या चारा-आपत्ती योजनेने एक लक्षणीय उपाय योजला. नेब्रास्का विद्यापीठातील दुष्काळ-निवारण केंद्र आणि केंद्र सरकारची हवामान व कृषी खाती मिळून 1999 पासून देशाचा दुष्काळ-नकाशा तयार करतात आणि तो दर गुरुवारी प्रसिद्ध होतो. मदतीची कळ या नकाशाला जोडण्यात आली. 2014 च्या कायद्यानुसार एखाद्या कौंटीत, म्हणजे तेथील जिल्ह्यात, चराईच्या हंगामात सलग आठ आठवडे ‘तीव्र’ दुष्काळ राहिला तर एका महिन्याची मदत. दुष्काळ त्याहून गहिरा झाला तर तीन, चार आणि सर्वांत भीषण श्रेणीत चार आठवडे काढल्यास पाच महिन्यांची. महिन्याची रक्कम जनावरांच्या ठरीव चारा-खर्चाच्या 60 टक्के आणि एका व्यक्तीस वर्षाला कमाल 1,25,000 डॉलर. या वाटेत आमदार-खासदारांचे मत लागत नाही, मंत्र्यांचा दौरा लागत नाही आणि कुरणाकुरणाचा पंचनामाही लागत नाही. गुरुवारी नकाशाचा रंग बदलला की पशुपालकाला आपला हक्क कळतो.

या पद्धतीतही दोष आहेत. नकाशावरील रंगाला पैशाचे मोल आले की तो रंगविणाऱ्यांवर दडपण येऊ लागते. जिल्ह्याच्या सीमेवरील दोन कुरणांवर पाऊस सारखाच पडला नाही तरी सीमेच्या अलीकडे मदत आणि पलीकडे काही नाही, असे घडते. अवर्षणाचा अंदाज घेऊन ज्याने वेळीच जनावरे कमी केली त्याच्यापेक्षा शेवटपर्यंत कळप ताणून धरणाऱ्याला अधिक लाभ मिळण्याचा धोका राहतो, आणि तो भार अखेर थकलेल्या मातीवर पडतो. त्यातच 2025 च्या कायद्याने आठ आठवड्यांची अट सैल केली. कळ जितकी हलकी, तितकी ती वारंवार दाबली जाणार.

तरीही नकाशा नसताना काय होत असे, ते आठवावयास हवे. 2002 आणि 2003 मधील पशुधन-भरपाई योजनेत नुकसान सिद्ध करण्याची अटच नव्हती. आपत्तिग्रस्त जाहीर झालेल्या कौंटीत जनावरे असली की पुरे. फेब्रुवारी 2003 मध्ये कोलंबिया हे अंतराळयान परतीच्या वाटेवर फुटून त्याचे अवशेष टेक्ससमध्ये पडले आणि त्या निमित्ताने तेथील कौंट्या आपत्तिग्रस्त जाहीर झाल्या. दुष्काळाशी संबंध नसलेल्या या घोषणेच्या आधारे तेथील पशुपालकांना दुष्काळाची भरपाई मिळाली. 2006 मध्ये ‘वॉशिंग्टन पोस्ट’ने हा प्रकार चव्हाट्यावर आणला. लाभार्थींनी कोणताही नियम मोडला नव्हता. नियमच तसा होता. सदोष नियम हा लबाडीहून महाग पडतो, कारण त्याच्याविरुद्ध फिर्याद करता येत नाही.

मदत कोणाच्या पदरी?

आपत्ती सर्वांवर सारखी येते, असे म्हणण्याची पद्धत आहे. मदत मात्र सारखी येत नाही. एकर आणि जनावरे यांच्या प्रमाणात दिली जाणारी रक्कम मोठ्या एकराकडे आणि मोठ्या कळपाकडेच अधिक जाते. व्यक्तीमागे कमाल मर्यादा असल्या तरी भागीदाऱ्या, कुटुंबीयांची नावे आणि काँग्रेसने वेळोवेळी दिलेल्या सवलती यांनी त्या बोथट होतात. शिवाय अमेरिकेतील सुमारे 40 टक्के शेतजमीन खंडाने कसली जाते. सरकारी मदत दरवर्षी अपेक्षित धरली जाऊ लागली की ती हळूहळू खंडात आणि जमिनीच्या किमतीत मुरते. मग नांगर धरणाऱ्याच्या नावाने निघालेला पैसा शहरात राहणाऱ्या जमीनमालकाच्या खात्यात पोचतो आणि जमीन घेऊ पाहणाऱ्या तरुण शेतकऱ्याच्या वाटेत तोच अडसर ठरतो.

कृष्णवर्णीय शेतकऱ्यांचा अनुभव याहून कडू आहे. कृषिखात्याच्या स्थानिक कचेऱ्यांतून कर्जे आणि इतर साहाय्य देताना वर्षानुवर्षे वर्णभेद झाला, असा दावा त्यांनी केंद्र सरकारविरुद्ध लावला आणि 1999 मध्ये ‘पिगफर्ड’ खटल्याची तडजोड झाली. राहिलेल्या दावेदारांसाठी 2010 मध्ये आणखी 125 कोटी डॉलरांची तडजोड करावी लागली. मदत देण्याचा अधिकार जितका स्थानिक अधिकाऱ्याच्या मर्जीवर, तितकी ती मर्जी कोणाच्या बाजूने झुकते याला महत्त्व येते. दयेला चेहरा पाहून वागण्याची सवय असते. नियमालाही पूर्वग्रह असू शकतो. पण नियम कागदावर असल्याने त्यावर न्यायालयात बोट ठेवता येते.

गेल्या काही वर्षांत ‘आपत्ती’ या शब्दाचा अर्थही पातळ होत चालला आहे. 2018 आणि 2019 मध्ये चीनशी झालेल्या व्यापारयुद्धात अमेरिकन सोयाबीनची निर्यात कोसळली, तेव्हा सरकारने शेतकऱ्यांना सुमारे 2,300 कोटी डॉलर वाटले. 2020 मध्ये साथीच्या निमित्ताने आणखी मोठ्या रकमा आल्या आणि त्या एका वर्षी शेतकऱ्यांना थेट मिळालेली सरकारी रक्कम 4,500 कोटी डॉलरांपुढे गेली. डिसेंबर 2024 च्या कायद्यातही नैसर्गिक आपत्तीच्या रकमेबरोबर बाजारातील तोट्यासाठी 1,000 कोटी डॉलर निराळे ठेवले गेले. अवर्षण देवाने आणले आणि जकातयुद्ध सरकारने. दोन्हींची भरपाई एकाच थैलीतून निघू लागली की सरकारला आपल्या धोरणाची किंमत मोजावी लागत नाही, ती फक्त करदात्याच्या खात्यावर चढते.

दयेच्या बाजूने

इतके म्हटल्यावर मदतच बंद करावी, असा निष्कर्ष काढण्याचा मोह अनेकांना होतो. तो चुकीचा आहे. शेतीवरील संकट हे घराला लागलेल्या आगीसारखे नसते. एक घर जळते तेव्हा शेजारची शंभर शाबूत असतात आणि त्यांच्या हप्त्यांतून त्याची भरपाई होते. अवर्षण मात्र शंभरांपैकी शंभरांना एकाच वेळी गाठते. असा धोका केवळ खासगी विमा कंपनीच्या भांडवलावर पेलत नाही. त्याला राज्याचेच पाठबळ लागते. दुसरे असे की, जातिवंत गाईंचा कळप किंवा वीस वर्षांची फळबाग एका हंगामात पुन्हा उभी राहत नाही. एका वाईट वर्षात मोडलेला शेतकरी चांगल्या वर्षी परत येत नाही आणि त्याच्याबरोबर गावातील दुकान, शाळा आणि पतपेढीही जाते.

तेव्हा वाद मदत असावी की नसावी हा नाही. ती कोणत्या रूपात असावी हा आहे. या दृष्टीने 2024 च्या फेब्रुवारीत टेक्ससच्या उत्तर भागात पेटलेल्या वणव्याची 2013 च्या हिमवादळाशी तुलना उद्बोधक ठरते. दहा लाख एकरांहून अधिक क्षेत्र जाळणारा हा त्या राज्याच्या इतिहासातील सर्वांत मोठा वणवा. त्यात हजारो जनावरे होरपळून मेली, कुंपणे आणि कुरणे राख झाली. तेथेही दुःख तेवढेच होते आणि मदत अपुरीच होती. गाभण गाईबरोबर गेलेल्या वासराचा हिशेब नियमात नव्हता, अशी तक्रार रास्तच होती. पण राख विझण्यापूर्वी पशुपालकाला ठाऊक होते की, मेलेल्या जनावरामागे बाजारभावाच्या 75 टक्के आणि कुंपण उभारण्याच्या खर्चाचा मोठा हिस्सा मिळण्याची सोय कायद्यात आहे. त्या आधारावर तो बँकेशी बोलू शकत होता. साउथ डाकोटाच्या पशुपालकाला नेमके हेच बोलता आले नव्हते.

महाराष्ट्राला ओळखीची वाट

हा सारा वृत्तान्त महाराष्ट्रातील वाचकाला परका वाटणार नाही. नकाशाच्या रंगाच्या जागी येथे पैसेवारी आहे आणि पन्नास पैशांच्या अलीकडे-पलीकडे गावाचे दैव बदलते, हे प्रत्येक खेडे जाणते. 2023 च्या खरिपात राज्याने एक रुपयात पीकविमा दिला. अर्जांचा पूर आला, त्यांतील बोगस अर्जांच्या तक्रारी आल्या आणि 2025 च्या खरिपापूर्वी ही सवलत मागे घेण्यात आली. शेतकऱ्याला पुन्हा आपला हिस्सा भरावा लागताच अर्जांची संख्या लक्षणीयरीत्या घटली. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये मराठवाड्यात अतिवृष्टी आणि पूर यांनी हाहाकार माजविला आणि ऑक्टोबरमध्ये 31,628 कोटी रुपयांचे पॅकेज जाहीर झाले. ठरलेल्या निकषानुसार कोरडवाहू पिकाला हेक्टरी 8,500 रुपये आणि दोन हेक्टरांची मर्यादा. पॅकेजमध्ये ती तीन हेक्टर झाली. त्यापूर्वीही मर्यादा एकदा वाढून पुन्हा कमी झाली होती. म्हणजे आपत्तीच्या आदल्या दिवशी शेतकऱ्याला आपला हक्क किती हेक्टरांचा ते सांगता आले नसते. 1988 ची अमेरिका आणि 2025 चा महाराष्ट्र यांत डॉलर-रुपयाचे अंतर आहे, पेच एकच आहे.

आणि तरीही या राज्याने एकदा निराळी वाट दाखविली होती. 1972 च्या दुष्काळाच्या अनुभवातून उभी राहिलेली रोजगार हमी योजना 1977 मध्ये कायद्यात उतरली. मागेल त्याला काम, हे त्या कायद्याचे सूत्र. दुष्काळ जाहीर होण्याची, पॅकेज निघण्याची किंवा मंत्र्याच्या दौऱ्याची त्यात अट नव्हती. तिच्या अंमलबजावणीत उणिवा होत्या; पण मदत हा हक्क असून तो आधीच लिहून ठेवलेला असावा, हे तत्त्व तीत होते. काम मागणाऱ्या मजुराला दिलेले असे वचन पेरणी करणाऱ्याला आणि गुरे राखणाऱ्याला देणे अशक्य नाही.

असे वचन द्यावयाचे तर ते लहान असले तरी चालेल. मोजता येईल असा निकष, आपत्तीपूर्वी जाहीर केलेला दर, लहान शेतकऱ्याला झुकते माप देणारी मर्यादा आणि पैसे पोचण्याची बांधील तारीख, एवढे त्यात असले तरी पुष्कळ. मग सरकारला मोठ्या घोषणा करण्याची संधी मिळणार नाही, ही त्याची राजकीय किंमत आहे, आणि वचनापेक्षा घोषणा सरकारांना अधिक प्रिय का, याचे उत्तरही तेच. वचन पाळल्याबद्दल कोणी हार घालीत नाही. पॅकेज जाहीर केल्याबद्दल घालतात.

साउथ डाकोटाच्या माळावर 2013 च्या त्या आठवड्यात पशुपालक मेलेल्या गुरांच्या कानांतील बिल्ले गोळा करीत आणि छायाचित्रे काढीत हिंडत होते, ते एखाद्या दिवशी कोणीतरी विचारील या आशेने. त्यांना विचारले गेले, हे त्यांचे सुदैव. शेतकऱ्याच्या सुदैवावर अवलंबून असलेली मदत ही मात्र धोरण म्हणवून घेण्यास पात्र नाही.